जेरीस येणे

मराठी माणूस संकटात नुसता पडत नाही; तो कुठेतरी येऊन पोहोचतो. हट्ट करून करून मूल रडकुंडीस येते. ओझे वाहणारा मेटाकुटीस येतो. सावकाराच्या ओसरीवर बसलेले कूळ काकुळतीस येते. चांगले चाललेले दुकान डबघाईस येते. आणि घरातली कर्ती बाई, ऐन दिवाळीच्या आठवड्यात, एका हाताने कढईतली चकली उलटीत आणि दुसऱ्या हाताने पोरांना लाडवांच्या डब्यापासून हाकलीत म्हणते, "जेरीस आणलंत रे मला!"

जणू ही सारी गावेच आहेत! नकाशावर ती सापडत नाहीत, पण तिकडे जाणारी वाट मात्र प्रत्येक घराच्या उंबऱ्यापासून निघते. यांतल्या इतर गावांना माणूस कधी कधी आपल्या पायांनीही जाऊन पोहोचतो. जेरीला मात्र बहुधा कुणीतरी आणून सोडतो. "मी जेरीस आलो" असे कुणी म्हटले, की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो, "कुणी आणले?" मुलांनी, भाडेकरूंनी, दुखण्याने, की कर्जाने? या शब्दात नेहमी दोघेजण असतात. एक वर असतो, दुसरा खाली. आणि गंमत अशी, की या शब्दाचा मूळ अर्थही नेमका तेवढाच आहे.

'जेर' हा शब्द फार्सी. त्याचा अर्थ 'खाली'. बस्स, इतकाच. हरणे नाही, मरणे नाही, थकणेही नाही, नुसते 'खाली'. त्याचा एक जुळा भाऊ आहे, 'जबर', म्हणजे 'वर'. उर्दू लिहायला शिकणारी मुले हे दोन्ही शब्द पहिल्याच महिन्यात शिकतात. अक्षराच्या खाली छोटी तिरकी रेघ दिली की ती 'जेर', तिचा उच्चार 'इ'. तीच रेघ अक्षराच्या डोक्यावर दिली की ती 'जबर', तिचा उच्चार 'अ'. रेघ एकच, पण जागा बदलली की नाव बदलते आणि उच्चारही बदलतो.

या दोन भावांचा संसार फार्सीत मोठा आहे. ज्याचा हात वर तो 'जबरदस्त'. जो दुसऱ्याच्या हाताखाली तो 'जेरदस्त'. जो ओझ्याखाली दबला तो 'जेरबार'. आणि सारेच उलटेपालटे झाले, खालचे वर आणि वरचे खाली झाले, की 'जेरोजबर'. मराठीने यांतला 'जबरदस्त' तेवढा उचलला आणि त्याला पाऊस, जेवण, भाषण, मार अशी नाना कामे लावली. 'जेरदस्त' आपल्याकडे रुजला नाही. पण एकट्या 'जेर'ला मात्र आपण घरात घेतले. त्याला आपली 'ई' जोडली, त्यापुढे आपला 'स' प्रत्यय लावला आणि 'जेरीस' हे रूप असे काही मराठी केले, की त्याचे मूळ इराणकडचे आहे हे चकल्या तळणाऱ्या त्या माउलीला सांगितले तर ती झारा रोखून हसेल.

अर्थ नीट कळायचा असेल तर एक वस्तू डोळ्यांपुढे आणावी. घोड्याच्या सामानात एक पट्टा असतो. तो पोटाखालच्या तंगापासून निघतो, पुढच्या दोन पायांमधून वर येतो आणि तोंडाकडच्या सामानाला बांधला जातो. मान उडवणाऱ्या, उधळणाऱ्या घोड्याचे डोके तो पट्टा वर जाऊ देत नाही. घोडा चालतो, धावतो, स्वाराला वाहून नेतो; फक्त मान वर करू शकत नाही. या पट्ट्याचे नाव 'जेरबंद', म्हणजे खालचा बंद. आज वर्तमानपत्रात उसाच्या फडात सापडलेला बिबट्या 'जेरबंद' होतो, दरोडेखोरांची टोळी 'जेरबंद' होते. वाचणाऱ्याला त्यातला 'बंद' पिंजऱ्याच्या दारासारखा ऐकू येतो. पण मूळचा जेरबंद पिंजरा नव्हता. त्यात पाय मोकळे असत, श्वास मोकळा असे, अडकलेली असे ती फक्त मान. जेरीस येण्याचे याहून नेमके चित्र माझ्या तरी पाहण्यात नाही. जेरीस आलेला माणूस स्वयंपाक करतो, कचेरीला जातो, मुलांचे अभ्यास घेतो. सगळे चालू असते. फक्त त्याला मान वर करता येत नाही.

हा शब्द आपल्या घरात कसा टिकला, हीही एक पाहण्याजोगी गोष्ट आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुनी पत्रे तपासून दाखवून दिले आहे, की सतराव्या शतकाच्या आरंभीच्या मराठी कागदांत फार्सी शब्दांची अगदी दाटी होती आणि पुढल्या शंभर वर्षांत ती विरळ होत गेली. मधल्या काळात शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, १६७४ साली. महाराजांच्या आज्ञेने 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. त्यात दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. पुढे आपल्या काळात भाषाशुद्धीची चळवळ झाली. तिच्या बाजूने लिहिणाऱ्यांत माधव जूलियन होते, आणि १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध करणारेही तेच! घरात कोण कोण परके आहे याची पुरती यादी असलेला माणूसच घर झाडायला निघाला होता, असे म्हणायला हरकत नाही.

पण कोश बदलतो ते शिक्क्याचे आणि दप्तराचे शब्द. माणूस दमून भिंतीला टेकतो तेव्हा त्याच्या तोंडून जो शब्द निघतो, त्यावर कोणत्याही दरबाराची सत्ता चालत नाही. पाहा ना. हैराण, बेजार, लाचार, नाइलाज, नाउमेद हे सगळे तिकडचेच. 'हवालदिल' शब्दात तर 'हौल' म्हणजे धास्ती आणि 'दिल' म्हणजे काळीज, धास्तावलेले काळीज. खुशी, मजा, शाबास हे आनंदाचे पाहुणेही त्याच वाटेने आले हे खरे. पण आनंदाला आपल्याकडे दुसरे शब्द भरपूर होते. दमछाकीचे शब्द मात्र आपण असे कवटाळले, की त्यांच्यावाचून आज मराठी घराचे एक दिवसही भागायचे नाही.

आता खऱ्या इतिहासाकडे वळतो. शाळेत मी मुलांना वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करायला सांगतो. 'जेरीस आणणे' आले, की वीस वह्यांत एकच वाक्य ठरलेले: "मावळ्यांनी शत्रूला जेरीस आणले." वाक्य बरोबर आहे. इतिहासालाही धरून आहे. पण इतिहास तेवढ्यावर थांबत नाही, म्हणून त्या वाक्याच्या पुढे-मागे काय आहे ते सांगावेसे वाटते.

शत्रूला जेरीस आणणे म्हणजे काय, याचा वस्तुपाठ पाहायचा तर १७२८ सालच्या पालखेडला जावे. हे गाव वैजापूरच्या बाजूला. एका बाजूला निजामउल्मुल्क आसफजाह, वय सत्तावन्नच्या घरात, औरंगजेबाच्या हाताखाली तयार झालेला, तोफखान्याचा धनी. दुसऱ्या बाजूला बाजीराव पेशवा, वय सत्तावीस. निजामाने कोल्हापूरच्या संभाजीराजांचा पक्ष उचलून शाहू महाराजांची चौथाई अडवली होती. बाजीराव १७२७ च्या पावसाळ्यात निघाला तो निजामाशी समोरासमोर झुंजायला गेलाच नाही. जालन्याकडे गेला, बऱ्हाणपुराकडे हूल दिली, गुजरातेत उतरला. निजाम पुण्यावर चालून गेला, तरी बाजीराव पुणे वाचवायला धावला नाही. उलट तो निजामाच्या औरंगाबादेच्या रोखाने वळला. मग निजामाला मागे फिरणे भाग पडले. घाईने गोदावरी उतरताना अवजड तोफा मागे राहिल्या. आणि पालखेडच्या मुलखात, जिथे पाण्याचे दुर्भिक्ष होते, तिथे मराठ्यांनी त्याच्या भोवती कडे घातले. धान्य येईना. वैरण येईना. पाणी मिळेना.

तिथे मोठी लढाई झाली का? नाही. सुरईतले पाणी संपले, तोबरे रिकामे झाले, एवढेच झाले. निजामाने तहाचे बोलणे लावले आणि ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. शाहू महाराजच छत्रपती हे त्याने मान्य केले, दख्खनच्या चौथाई-सरदेशमुखीचा हक्क कबूल केला. दुसऱ्या महायुद्धातला इंग्रज सेनापती माँटगोमेरी याने युद्धशास्त्राचा इतिहास लिहिताना पालखेडची मोहीम वाखाणली आहे. तलवारीचे खणखणाट ऐकायची सवय झालेल्या आपल्या कानांना ही मोहीम थोडी मुकी वाटते. पण 'जेर' शब्दाचा खरा अर्थ तीच सांगते. शत्रूला मारले नाही. त्याची मान तेवढी वर होऊ दिली नाही.

दहा वर्षांनी तेच चित्र भोपाळला पुन्हा दिसले. १७३७ च्या डिसेंबरात बादशहाच्या वतीने आलेला हाच निजाम भोपाळच्या आश्रयाला गेला आणि बाजीरावाने त्याला तिथे कोंडले. पुन्हा तीच रसद तोडणे, पुन्हा तीच उपासमार. जानेवारी १७३८ मध्ये दोराहा येथे तह झाला. माळवा आणि नर्मदा-चंबळांमधल्या मुलखाचा अधिकार सोडायचे निजामाने मान्य केले; शिवाय खर्चापोटी पन्नास लाख रुपये द्यायचे कबूल केले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोनदा जेरीस आलेला हा माणूस संपला नाही. तो पुढे १७४८ पर्यंत जगला आणि त्याने घातलेल्या पायावर हैदराबादचे राज्य १९४८ पर्यंत उभे राहिले. याचे कारण शब्दातच आहे. जेरीस येणे म्हणजे हरणे नव्हे. जेरीस येणे ही हरण्याच्या आधीची जागा आहे. तिथे अजून बोलता येते, मागता येते, देता येते. निजामाने आपण जेरीस आलो हे वेळेवर ओळखले. आणि वरच्या बाजूला जो होता त्याने, म्हणजे बाजीरावाने, ते ऐकून घेतले. तह व्हायला या दोन्ही गोष्टी लागतात.

आता तेच वाक्य उलटे करू. शाळेतल्या वहीत ते येत नाही, पण १७६० च्या हिवाळ्यात ते घडले.

काही वर्षांपूर्वी एका कादंबरीच्या निमित्ताने मी पानिपतची हकीकत पुन्हा पुन्हा वाचत होतो. डोक्यात शौर्याचे प्रसंग घोळत होते. पण पाने उलटीत गेलो तसा शौर्यापेक्षा दाणागोटाच अधिक भेटू लागला. सदाशिवरावभाऊंनी ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला, तिथे धान्यही मिळाले. तेवढ्यात अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि तो दिल्लीच्या वाटेवर येऊन बसला. मराठ्यांचा तळ पानिपतला खंदक खणून स्थिरावला. बरोबर लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे किती तरी: बायका, मुले, बुणगे, उत्तरेच्या यात्रेच्या आशेने निघालेली माणसे. आरंभी दोन्ही तळ एकमेकांची रसद तोडू पाहत होते. डिसेंबरात बळवंतराव मेहेंदळे पडले. अब्दालीची रसद मारण्याचे काम ज्यांच्याकडे होते ते गोविंदपंत बुंदेले त्याच महिन्यात मारले गेले. मग पारडे फिरले. पालखेडला जे निजामाच्या तळावर झाले तेच, तेहतीस वर्षांच्या आतच, आपल्या तळावर होऊ लागले. धान्य येईना. वैरण येईना. जनावरे मरू लागली.

तहाचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. भाऊंनी अयोध्येच्या शुजाउद्दौल्यामार्फत बोलणे चालवले होते. शुजाच्या पदरी काशीराज पंडित नावाचा दक्षिणी ब्राह्मण होता. तो या सगळ्याचा साक्षी, आणि पुढे त्याने हे सारे फार्सीत लिहून ठेवले. तो सांगतो, की तहाला अब्दालीकडच्या काहींची ना नव्हती. पण नजीबखान रोहिला ऐकायला तयार नव्हता. मराठे आज हातात सापडले आहेत, त्यांना सोडले तर ते उद्या परत येतील, असे त्याचे म्हणणे. नजीबाच्या बाजूने पाहिले तर त्याचा हिशेब चुकीचा होता असेही म्हणवत नाही.

शेवटच्या रात्री सरदार आणि शिपाई भाऊंच्या डेऱ्यापाशी गोळा झाले. दोन दिवस पोटात अन्न नाही, असे उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे त्यांचे सांगणे पडले. विडे वाटले गेले. आणि याच रात्री भाऊंनी काशीराजाला आपल्या हाताची एक चिठ्ठी पाठवली. तिचा मतलब काशीराजाने दिला आहे: पेला काठोकाठ भरला आहे, आता थेंबभरही मावायचा नाही, काही करता येण्यासारखे असेल तर आत्ता करा, नसेल तर तसे स्पष्ट कळवा. पहाटे तीनच्या सुमाराला ती चिठ्ठी काशीराजाच्या हाती आली. तो ती शुजाला सांगत होता तोच हेर धावत आले: मराठे छावणीतून बाहेर पडले आहेत.

दिवस १४ जानेवारी १७६१. संध्याकाळपर्यंत काय झाले ते मराठी घराला सांगायला नको. विश्वासराव गेले, भाऊ गेले, हजारो घरांतले कुंकू पुसले गेले. पुढे जूनमध्ये नानासाहेब पेशवेही त्याच दुःखात गेले. आणि आपल्या भाषेला एक नवा शब्द मिळाला. गावाचे नाव होते, त्याची क्रिया झाली. आज परीक्षेत मुलाचे 'पानिपत' होते, निवडणुकीत पक्षाचे 'पानिपत' होते.

हे दोन शब्द मी मुद्दाम शेजारी ठेवतो. 'जेरीस येणे' आणि 'पानिपत होणे'. आपण पुष्कळदा दोन्ही एकाच अर्थाने वापरतो. पण त्या दोहोंमध्ये एक रात्र आहे, आणि त्या रात्री लिहिलेली एक चिठ्ठी आहे. जेरीस आलेला माणूस अजून चिठ्ठी लिहितो. पानिपत झाल्यावर चिठ्ठी लिहायला कुणी उरत नाही. भाऊंसारखा करारी, काहीसा ताठ स्वभावाचा सेनापतीदेखील शेवटच्या पहाटे मोकळेपणाने सांगतो, की आता मावत नाही. ते सांगण्यात मला कमीपणा दिसत नाही. उणीव कुठे असेल तर ती चिठ्ठी पोहोचण्यात आणि ती ऐकून घेणारा कुणी असण्यात होती.

पानिपतातून आपण काय शिकलो, यावर आजवर खूप लिहिले गेले आहे. फितुरी, दुही, तोफा, गनिमी कावा यांची चर्चा विद्वानांनी करावी. मी पदव्यांचा माणूस नव्हे. मला एक साधी गोष्ट दिसते. पालखेडला वर असणाऱ्याने ऐकले आणि दोन्ही सैन्ये आपापल्या घरी गेली. पानिपतला ऐकले गेले नाही, आणि जिंकणाऱ्यालाही तिथे फार काळ राहता आले नाही. अब्दाली दोन महिन्यांतच दिल्ली सोडून आपल्या मुलखाकडे परतला. खाली असणाऱ्याचे ऐकून घेणे ही वर असणाऱ्याची जबाबदारी, एवढा धडा त्या एका अक्षराच्या जेर-जबरमध्ये सामावला आहे.

आणि हा धडा केवळ छावण्यांपुरता नाही. घरात रोज कुणी ना कुणी म्हणते, "मी अगदी जेरीस आलो." आपण हसतो, "होईल सगळं नीट" म्हणतो आणि पान उलटतो. बोलणाऱ्याचा सूरही थट्टेचाच असतो, कारण शब्द जुना आहे, गुळगुळीत झाला आहे. तरी त्याच्या तळाशी ते फार्सी 'खाली' अजून शिल्लक आहे. सुनेच्या तोंडचे असो, म्हाताऱ्या वडिलांच्या तोंडचे असो, ते वाक्य म्हणजे तहाचे पहिले बोलणे असते. ते वेळेवर ऐकले तर पुष्कळशी पानिपते टळतील.

गेल्या वर्षी सहामाही परीक्षेत मी पुन्हा तोच प्रश्न घातला. वाक्यात उपयोग करा: जेरीस आणणे. वह्या तपासताना मावळे आणि शत्रू ओळीने येत गेले. एका वहीत मात्र निळ्या शाईने, गिरवल्यासारख्या ठळक अक्षरांत वाक्य होते: "विहिरीच्या कर्जाने माझ्या बाबांना जेरीस आणले आहे." क्रियापद वर्तमानकाळाचे होते. मी पैकीच्या पैकी गुण दिले, आणि मधल्या सुटीत त्या मुलाला जवळ बोलावून घेतले.